मोठे मेल डिलीट होत नाहीत म्हणे

४ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपवून कामावर आले तर मेलच्या सर्व्हरची डिस्क काठोकाठ भरलेली. कशानं? पणत्यांनी. लुकलुकणाऱ्या, फिरणाऱ्या, 'आपणांस व आपल्या परिवारास' म्हणत एकानं सगळ्यांना पाठवलेल्या आणि मग सगळ्यांनी सगळ्यांना परत पाठवलेल्या पणत्या. हे हॉस्पिटल आहे. इथली माणसं हाडं जोडतात, पोटं उघडून शिवतात, आणि एकाला उत्तर देणं आणि सगळ्यांना उत्तर देणं यांतला फरक त्यांना मी सांगायचा.

पुण्यात आठ वर्षं मी एका बड्या कंपनीचे सर्व्हर सांभाळले. आईला एकटीला ठेवता येईना म्हणून कराडला परत आले आणि ट्रस्टच्या या हॉस्पिटलात मेल, नेटवर्क, प्रिंटर आणि लोकांचे विसरलेले पासवर्ड यांची मालकीण झाले. पाटणला आणि जतला शाखा आहेत, तिथलंही मीच बघते. सध्या तात्पुरती. वर्षअखेर कायम करू म्हणतात.

प्रशासक नानासो फौजेतून निवृत्त झालेले. शर्टाची घडी अजून मोडत नाही. ते म्हणाले, "मॅडम, नवी डिस्क घ्यायची तर ट्रस्टींची मीटिंग लागंल. तवर तुमीच कायतरी करा."

केलं. आजपासून प्रत्येकाला पाच जीबीचा कोटा. पेटी भरली की नवा मेल आत येणार नाही, पाठवणाऱ्याकडे परत जाईल. 'आत्ता जागा नाही, थोड्या वेळानं पुन्हा पाठव' असं समोरच्या सर्व्हरला सांगायचीही सोय असते. मग तो बिचारा काही दिवस पुन्हा पुन्हा दार वाजवत राहतो. ती सोय मी ठेवली नाही. लाड पुरे झाले. चार मेल परत गेले की आपोआप शिस्त लागते.

ट्रस्टींना आणि मला कोटा नाही. ट्रस्टींना नाही कारण ते ट्रस्टी आहेत. मला नाही कारण मला अक्कल आहे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

सगळ्यांना कोट्याची सूचना पाठवली. उत्तरं आली: 'धन्यवाद', 'ओके', 'नोटेड विथ थँक्स', आणि एक पणती.

दुपारी जिन्यात एका धनगर बाईनं अडवलं. साठीच्या पुढची, ठसठशीत कुंकू, हातात एक्स-रेची पिशवी उलटी धरलेली. "पोरी, ती मुजावर डागतरीण कुठं बसती गं?" वर तीन ठिकाणी पाटी आहे. पाटी वाचायची नाही, माणसाला विचारायचं. मी बोट दाखवलं. मागून तिचा मुलगा आला, तिशीतला, डोक्याला लाल मुंडासं. "आये, हिकडं. आज तुकडा काढून तपासाया देणार हाईत." जतच्या शाखेनं पाठवलेली माणसं. जतहून इतक्या लांब यायचं आणि पाटी वाचायची नाही!

८ नोव्हेंबर, शुक्रवार

कोण किती जागा खातं ते बघितलं. सगळ्यात मोठी पेटी शल्यविभागाच्या डॉ. मदिहा मुजावर यांची. पाच जीबीला अगदी टेकलेली. वर्षानुवर्षांचे स्कॅन, फोटो, जतच्या शाखेचे रिपोर्ट, सगळं तसंच. यांच्या घरी जुनी वर्तमानपत्रंही छतापर्यंत असणार.

उलट हाडांचे डॉ. जयराज. पेटी जवळजवळ रिकामी. मी कौतुक केलं तर हसले. बोलता बोलता फोनवर कुणाच्या तरी मनगटाचा एक्स-रे मोठा करून बघत होते, पाटणहून नुकताच आलेला. इतका कामात असलेला माणूस पेटी स्वच्छ ठेवू शकतो, मग मुजावर मॅडमना काय धाड भरली आहे? रुग्णांचे कागद व्हॉट्सॲपवर पाठवायचे नाहीत, मेलनंच पाठवायचे, हा ट्रस्टचा नियम सगळ्यांना सारखाच आहे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

मुजावर मॅडमचा फोन. "राजेश्वरी, माझी पेटी भरल्याचं दाखवतंय. मी डिलीट करतेय, पण होत नाहीये."

"नीट दाबा," म्हटलं.

"नीटच दाबतेय. छोटे जातात. मोठे मेल डिलीट होत नाहीत."

मोठे मेल डिलीट होत नाहीत म्हणे! मेल काय म्हैस आहे, मोठी झाली की गोठ्यातून निघेना? सर्व्हरला सगळे मेल सारखे. मी माझ्या पेटीतला चांगला भलाथोरला मेल घेतला, डिलीट केला, क्षणात गेला. तसं त्यांना कळवलं. त्यांनी फोन ठेवला. शस्त्रक्रिया करणारी बाई, पण एक बटण दाबता येत नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा तेच. या वेळी मेल लिहून: 'मोठे मेल डिलीट केल्यावर क्षणभर लाल ओळ येते आणि मेल जागेवरच राहतो. कृपया येऊन बघावे.' मी उत्तर दिलं, 'कृपया इंटरनेट तपासावे.' पुण्यात हे उत्तर दहांतल्या नऊ जणांना पुरायचं.

रात्री जेवताना आईला हा किस्सा हसत हसत सांगितला. आई हसली नाही. म्हणाली, "मग ती बाई खोटं बोलती म्हणतीस व्हय?"

"खोटं नाही गं. येत नाही तिला."

"तू जाऊन बघितलंस?"

कशाला जायचं? मला सगळं इथूनच दिसतं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

प्रचाराच्या गाड्या काल थांबल्या, कान मोकळे झाले. चौकशीच्या खिडकीशी तो लाल मुंडाशाचा मुलगा उभा होता. नाव सिद्धू. खिडकीतली मुलगी सांगत होती, "रिपोर्ट आला नाही अजून. मेल आला की डॉक्टर फोन करतील."

"गेल्या येळंला बी हेच म्हणला हुता. आता आमी मेंढरं घेऊन नदीकडं उतरलोय. फोन कवा लागतोय कवा न्हाई. परत परत कसं येऊ?"

"सांगलीच्या लॅबकडून दिवाळीत उशीर होतो."

मला लॅबवाल्यांची चीड आली. एक रिपोर्ट पाठवायला इतके दिवस? या भागात कुणालाच कामाची घाई नाही. मी माझ्या खोलीत आले आणि फॅनचं ग्रीस मागवायचं पत्र लिहिलं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

हे लिहायला नको वाटतंय, पण लिहिते.

दुपारी मुजावर मॅडम खाली माझ्या खोलीत आल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "चला."

"कुठं?"

"वर. माझ्या खुर्चीत बसायला."

जिना चढताना त्यांनी सांगितलं. सकाळी त्यांनी स्वतः लॅबला फोन लावला होता. लॅब म्हणाली, रिपोर्ट अकरा तारखेलाच मेल केलाय. जतच्या बयाबाईचा. ती जिन्यातली बाई. "तुमच्याकडं परत आला का तो मेल?" असं मॅडमनी विचारलं, तर लॅबवाला म्हणाला, आमचे रिपोर्ट यंत्रातून आपोआप जातात, त्या पत्त्यावर परत आलेलं कुणी वाचत नाही.

"बारीकसारीक मेल तर रोज येत होते," मॅडम म्हणाल्या. "म्हणून मला वाटलं, लॅबचाच उशीर आहे."

लिहिताना माझ्या लक्षात येतंय ते असं. पेटीत चिमूटभर जागा उरली होती. छोटे मेल त्यात मावत होते. फोटो जोडलेला जाड रिपोर्ट मावत नव्हता, त्याला सर्व्हरनं दारातूनच परत पाठवलं. 'थोड्या वेळानं ये' असं न सांगता, कारण मी तसं ठरवलं होतं.

त्यांच्या खुर्चीत बसले. स्कॅन जोडलेला एक जुना मेल निवडला. डिलीट दाबलं. लाल ओळ चमकली, मेल जागच्या जागी.

"नीट दाबा," मॅडम म्हणाल्या.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दाबायच्या आधीच मला कळलं. डिलीट म्हणजे मेल फेकून देणं नव्हे. मेल कचऱ्याच्या फोल्डरमध्ये हलतो. आणि आमचं हे जुनं मेलचं पान हलवतं कसं? आधी तिकडे दुसरी प्रत करतं, मग इकडची पुसतं. कचऱ्याचा फोल्डर त्याच पेटीत, त्याच कोट्यात. पेटी भरलेली, म्हणून मोठ्या मेलच्या प्रतीला जागा नाही. प्रत होत नाही, म्हणून मूळ पुसलं जात नाही. पेटी रिकामी करायला आधी पेटीत जागा पाहिजे. हे पहिल्या वर्षाच्या पोरीला माहीत असतं.

"माझ्याकडे होत होतं," मी म्हणाले.

"तुम्हाला कोटा आहे?"

मी कीबोर्ड पुढे ओढला.

तिथूनच त्यांची मर्यादा वाढवली. लॅबनं रिपोर्ट पुन्हा पाठवला, चहा गार व्हायच्या आत आला. मॅडमनी वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कॅन्सर आहे. स्तनाचा. त्याच आठवड्यात टेबलावर घेतली असती मी."

सिद्धूचा फोन बंद. जतच्या शाखेतल्या सिस्टर म्हणाल्या, ती मंडळी मेंढरं घेऊन केव्हाच कृष्णाकाठाला गेली, गावात कुणी नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

नानासोंनी हॉस्पिटलची जीप काढली. मी म्हटलं, मी येते. ते म्हणाले, "तुमी येऊन काय करणार?" प्रश्न बरोबर होता. तरी चढले.

ऊस तुटून गेलेल्या रानांत खतासाठी मेंढरं बसवतात. आज या शेतात, परवा त्या. त्यांना पत्ता नसतो. नानासो दिसेल त्या मेंढक्याला गाडी थांबवून विचारत होते, "जतचा सिद्धू बगितला का रं? म्हातारी हाय संगं." कुणी पूर्वेला हात करायचा, कुणी उत्तरेला. इस्लामपूरच्या अलीकडे, पलीकडे, मळीच्या वासातून, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून आम्ही फिरलो. सर्व्हरवर कुणीही मला एका ओळीत सापडतं. इथं एक माणूस सापडायला दिवस मावळतीला आला.

ताकारीकडच्या एका रानात ती भेटली. कोकराला पोटाशी धरून बसली होती, दुखऱ्या बाजूला नव्हे, दुसऱ्या. नानासोंनी सिद्धूला बाजूला घेऊन सांगितलं. मी तिच्यासमोर उभी.

"तू जिन्यातली न्हव?" ती म्हणाली. "डागतरीण हाईस?"

"नाही. रिपोर्ट मेलनं येतात ना, ते मेलचं काम मी बघते."

"म्हंजी टपालवाली."

पुण्यातल्या माझ्या हुद्द्याचं नाव एका दमात म्हणता येत नसे. मी "हो" म्हटलं.

"मग आमचं टपाल कुठं ऱ्हायलं हुतं?"

वाटेत मी उत्तर जुळवलं होतं. कोटा, प्रत, फोल्डर. ते तिला कळलं नसतं असं मला वाटत होतं. मग तोंडातून निघालं ते एवढंच: "डॉक्टरांची पेटी भरली होती. म्हणून मी ते दारातूनच परत पाठवलं."

तिनं कोकरू खाली सोडलं. "कुणाला इचारून?"

जीपमध्ये ती पुढे बसली. सिद्धूनं मेंढरं भावकीतल्या एकाच्या हवाली केली आणि मागे माझ्याशेजारी बसला. कराड येईपर्यंत त्यानं तोंड बाहेरच फिरवलेलं होतं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी सर्व्हरची नोंद काढून परत गेलेले सगळे मेल बघितले. मुजावर मॅडमचे सोडून आणखी काही होते. प्रत्येक पाठवणाऱ्याला फोन केला. विमा कंपनी, औषधवाले, पाटणचा एक गृहस्थ ज्याच्या बायकोचा स्कॅन होता. मेल परत आल्याची इंग्रजी सूचना त्यानं वाचलीच नव्हती. तो म्हणाला, "मला वाटलं डॉक्टरनं बघून गप बसलं, म्हंजी काळजीचं काय न्हाई." सुदैवानं तिथं खरंच काही नव्हतं. पण त्यानं किती सहज मान्य केलं होतं!

मग दुरुस्ती. कचऱ्याच्या फोल्डरला कोट्याशिवाय वेगळी थोडी जागा, म्हणजे भरलेली पेटीही रिकामी करता येईल. पेटी भरत आली की आधी इशारा. जागा नसेल तर मेल लगेच परत न पाठवता पाठवणाऱ्याला थांबायला सांगायचं. आणि मेल थांबले की मला कळायला हवं. सगळं मिळून एका सकाळचं काम. नोव्हेंबरच्या चार तारखेला केलं असतं तर तेव्हाही एका सकाळचंच होतं.

मलाही पाच जीबीचा कोटा लावला.

३० नोव्हेंबर, शनिवार

नानासो कागद घेऊन आले. सिद्धूनं ट्रस्टकडे तक्रार केली आहे, त्याचा खुलासा. त्यांनी आपल्या फौजी अक्षरात मसुदा लिहून आणला होता: 'संबंधित डॉक्टरांनी सूचना मिळूनही मेलबॉक्स वेळेवर रिकामा न केल्याने सदर रिपोर्ट प्राप्त होऊ शकला नाही.' खाली माझ्या सहीला जागा.

"हे खरं नाही," मी म्हणाले.

"खोटं कुठं हाय? पेटी त्येंचीच भरली हुती. सूचना तुमी दिली हुती." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आवं मॅडम, तुमचं कायम व्हायचं पत्र तयार हाय. मुजावर मॅडमला कोण काय करतंय? त्या मोठ्या डॉक्टर. त्येंच्यावर आलं तरी त्येंचं काय बिघडत न्हाई. तुमचं बिघडतंय."

नानासो वाईट माणूस नाही. माझ्यासाठीच करत होते. कागदातला एकेक शब्द तपासला तर खोटा एकही नाही, हेच त्याचं कौशल्य. मी कागद ठेवून घेतला. सही केली नाही, फाडलाही नाही. आईच्या गोळ्या, घराचं भाडं, परत पुण्यात जाऊन तिशीतल्या पोरांपुढे मुलाखती, सगळं डोक्यात आलं. आणि हेही आलं की मॅडमना खरंच काही होणार नाही. जवळजवळ सही केलीच होती. पेन चाललं नाही म्हणून दुसरं आणायला उठले, तर आईचा फोन आला, आणि तिच्याशी बोलून झाल्यावर सही करायची इच्छा उरली नाही. हा काही बाणेदारपणा नव्हे.

२ डिसेंबर, सोमवार

बयाबाईचं ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठीही काढून तपासायला पाठवल्या आहेत. आजार तिथवर गेला असला तर पुढची गोष्ट अवघड. मॅडमना विचारलं, मधल्या दिवसांनी काही फरक पडला असेल का?

"कुणी सांगू शकत नाही. मीही नाही." हात पुसत राहिल्या. "म्हणून तर वेळेवर करायचं असतं."

५ डिसेंबर, गुरुवार

ट्रस्टींची मीटिंग. मी मसुदा वाचला नाही. भिंतीवर माझी पेटी दाखवली, जुनी मांडणी लावून मुद्दाम काठोकाठ भरलेली, आणि सगळ्यांदेखत मोठा मेल डिलीट करून दाखवला. लाल ओळ, मेल जागेवर. म्हटलं, "डॉक्टरांनी हे मला दोनदा कळवलं होतं. मी बघायला गेले नाही. मेल परत पाठवायचं मीच ठरवलं होतं, कुणाला न विचारता."

एका ट्रस्टींनी विचारलं, मेल परत येतो म्हणजे पोस्टमन आणतो का? त्यांनाही कोटा नसतो.

डॉ. जयराज म्हणाले, "मला तर कधी काही अडचण आली नाही."

"तुमच्याकडे मेल येतातच कुठं?" मुजावर मॅडम म्हणाल्या. दोन-तीन डॉक्टरांनी माना खाली घातल्या. तो टोमणा कशाबद्दल होता कोण जाणे. बाईंची जीभ आहेच तिखट. स्वच्छ पेटीचा हेवा, दुसरं काय.

निकाल: मला कायम करणं एक वर्ष पुढे. नवी डिस्क मंजूर. म्हणजे जी चार तारखेला मिळाली असती तर यातलं काहीच झालं नसतं ती डिस्क. बाहेर नानासो म्हणाले, "लय शानपणा केलासा." रागानं म्हणाले की कसं ते कळलं नाही, पण चहा त्यांनी पाजला.

मुजावर मॅडम आभार मानतील असं वाटलं होतं. त्या माझ्या शेजारून गेल्या आणि फक्त म्हणाल्या, "उशिरा सुचलं."

१३ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी सांगलीच्या लॅबचा मेल आला. मोठा. सर्व्हरनं आत घेतला, मॅडमच्या पेटीत टाकला, नोंद केली: पोचला. मला त्यात काय आहे ते उघडून बघता येतं. कुणाला कळलंही नसतं. बघितलं नाही. वर गेले.

बाकावर बयाबाई बसली होती, खांद्यावरून पदर घट्ट घेऊन, सिद्धूला झापत. त्यानं आणलेली केळी कच्ची होती. मला बघून ती थोडी सरकली. मी बसले. सिद्धू उभाच राहिला, पण या वेळी तोंड फिरवलं नाही.

मॅडम कागद घेऊन बाहेर आल्या आणि तिच्यापुढे उकिडव्या बसल्या. "काखेतल्या गाठी साफ आहेत. त्यात काही नाही."

"म्हंजी?"

"म्हणजे पसरलेलं नाही. औषधं घ्यावी लागतील, फेऱ्या माराव्या लागतील. पण पसरलेलं नाही."

सिद्धू भिंतीकडे वळला आणि मुंडाशाच्या शेवानं तोंड पुसत राहिला. बयाबाईनं मॅडमचा हात धरला, मग केळ्यांकडे बघून म्हणाली, "उंद्या पिकतील."

मी म्हणाले, "म्हणजे उशीर झाला तरी..."

"ते वाक्य पुरं करू नका," मॅडम म्हणाल्या. उठून उभ्या राहिल्या. "नशीब त्यांचं. त्यात तुमचा वाटा नाही."

नाहीच आहे. बाई सरळ आहे एवढं मानलं पाहिजे. आवडत मात्र अजून नाही.

खाली आले तर लेखा विभागातला भाऊसो माझ्या दाराशी उभा. म्हणाला, "मॅडम, प्रिंटर प्रत्येक तिसरं पान उलटं छापतोय." प्रत्येक तिसरं! प्रिंटरला काय वार कळतात, की दर तिसऱ्या दिवशी उपास करतो? पान उलटं घातलं असणार यानंच. तोंडावर आलं होतं.

"चला," म्हटलं, "दाखवा."

छापत होता. प्रत्येक तिसरं पान, डोकं खाली.